लिलावातून जुनी चिनी मातीची भांडी आणि स्टुडिओ पॉटरी घेणे : मराठवाड्यात बसून संग्रह कसा करावा?

देवगिरीचा पायथा (छत्रपती संभाजीनगर)

मराठवाड्यात नाण्यांचे, पोथ्यांचे आणि शस्त्रांचे संग्राहक पुष्कळ भेटतात. चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह करणारा मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाच्या उमरावांना चीन, जपान, इंग्लंड, फ्रान्स येथील भांड्यांचे किती वेड होते, हे सालारजंग संग्रहालयाची दालने पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तिथे 'घोरी' म्हणून ओळखली जाणारी फिकट हिरव्या झिलईची चिनी तबके आहेत. विषारी अन्न वाढले तर तबकाला तडा जातो किंवा त्याचा रंग पालटतो, असा त्या काळचा समज होता. त्या दर्जाची नव्हेत, पण त्याच वाटेने आलेली इंग्रजी छापील नक्षीची ताटे, निळ्या-पांढऱ्या रकाब्या आणि लोणच्याचे मोठाले सट आपल्याकडच्या वाड्यांतूनही होते. वाडे पडले, वाटण्या झाल्या, आणि त्यांतली बरीच भांडी कुठे भंगारवाल्याकडे, कुठे मुंबईच्या चोरबाजारात पोहोचली. आज अशी भांडी मिळवण्याचा सरळ मार्ग लिलावाचा आहे, आणि लिलाव संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्यापासून तो शहागंजात बसलेल्या माणसालाही खुला झाला आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, त्याने दुर्मिळतेपेक्षा कागदपत्रांना आणि वरच्या नक्षीपेक्षा बुडाला अधिक किंमत द्यावी. नक्षी नकलाकाराला साधते. बूड मात्र सहसा खरे बोलते, कारण भट्टीत भांडे ज्या कडीवर टेकते तिथे झिलई नसते आणि मूळ माती उघडी दिसते. तिचा रंग, कण, कडी चाकावर कशी कापली आहे, तिला चिकटलेली भट्टीतली रेती, वर्षानुवर्षे फडताळावर सरकवल्याने आलेली अनियमित झीज, या गोष्टी एका चांगल्या छायाचित्रात दिसतात. सँडपेपरने केलेली झीज एकसारखी आणि एकाच दिशेची असते. म्हणून कॅटलॉगमध्ये बुडाचे छायाचित्र नसेल तर ते मागवावे, आणि देण्यास टाळाटाळ झाली तर तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, सोडून द्यावा.

चिनी राजमुद्रांविषयी तर विशेष सावध राहावे. बुडावर कांग्शी (1662–1722) किंवा छ्येनलुंग (1736–1795) या बादशहांच्या नावाची अक्षरे आहेत, एवढ्यावरून भांडे त्या काळचे ठरत नाही. चीनमध्ये आधीच्या राजवटीची मुद्रा नंतरच्या भांड्यावर लिहिण्याची प्रथा जुनी आहे. खुद्द कांग्शी काळातील कारागिरांनी पंधराव्या शतकातील छंगह्वा बादशहाची मुद्रा लिहिली, आणि एकोणिसाव्या शतकातील निर्यातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कांग्शीची मुद्रा सर्रास आढळते. त्यात नेहमी फसवणुकीचा हेतू होता असे नाही, पण आजचा विक्रेता तिचा उपयोग कसा करील ते सांगता येत नाही. इंग्रजी भांड्यांचे तसे नाही. 1842 ते 1883 या काळातील नोंदणीचा चौकटीच्या आकाराचा शिक्का, 1884 पासूनचा नोंदणी क्रमांक, आणि अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यामुळे 1891 पासून निर्यातीच्या मालावर येऊ लागलेले देशाचे नाव, एवढ्या आधारावर नवशिक्यालाही काळाचा अंदाज बांधता येतो. सुरुवात तिथून करावी असे माझे मत आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा. इंग्लंडमधील एका प्रांतीय लिलावात एक फुलदाणी येत आहे. वर्णन 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट, सुमारे 1880, अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी, तोंडाला जुनी दुरुस्ती' असे आहे आणि अंदाजित किंमत 300 ते 500 पौंड. जॉन ग्रिफिथ्स यांनी त्याच शाळेच्या, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या, विद्यार्थ्यांकडून 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत नष्ट झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच सुमारास जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली त्या शाळेत सिंधी पद्धतीच्या झिलईची भांडी होऊ लागली आणि लेण्यांच्या छतांवरील वेलबुट्टी, हंस, कमळे त्या भांड्यांवर उतरली. टेरी यांनी पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने स्वतःचा कारखानाही चालवला. म्हणजे आपल्या सोयगाव तालुक्यातील भिंतीवरची नक्षी मुंबईच्या भट्टीत भाजून निघाली आणि विलायतेच्या दिवाणखान्यात गेली. ती घ्यावी असे मनात आहे. कुठवर बोली लावावी, हे जाणकारांनी सांगावे.

गोदातीर (नांदेड)

विषय उत्तम निवडला आहे. बोली किती लावावी हे वस्तू पाहिल्यावाचून मी सांगणार नाही, परंतु बोलीच्या वर काय काय चढते ते आधी लिहितो, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

समजा हातोडा 400 पौंडांवर पडला, म्हणजे त्या बोलीला विक्री पक्की झाली. त्यावर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क, साधारण 25 टक्के, म्हणजे 100 पौंड. त्या प्रीमियमवर तिथला 20 टक्के व्हॅट, म्हणजे आणखी 20. ऑनलाइन मंचावरून बोली लावली असेल तर तो मंच वेगळे शुल्क घेतो. आकडा 520 च्या पुढे गेला आणि वस्तू अजून तिथेच आहे. बहुतेक प्रांतीय लिलावगृहे वस्तू बांधून पाठवत नाहीत. वेगळा पॅकिंगवाला ठरवावा लागतो आणि फुटणाऱ्या वस्तूचा विमा तो सहजासहजी देत नाही. त्यानंतर वाहतूक, भारतातील सीमाशुल्क आणि त्यावरचा कर. पैसे बँकेमार्फत पाठवावे लागतात आणि त्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली होते. लहान किमतीच्या वस्तूवर हा वरखर्च बोलीइतकाच होऊ शकतो. म्हणून आपली मर्यादा ठरवताना वस्तू घराच्या उंबरठ्यावर येईपर्यंतचा एकूण आकडा आधी मांडावा आणि तिथून उलटे मोजत बोलीपर्यंत यावे.

भारतातील लिलावगृहांतही हिशोबाची पद्धत हीच आहे. प्रीमियम आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. विक्रीच्या अटी छापलेल्या असतात, त्या कोणी वाचत नाही.

हातोड्याच्या आकड्यावर किती विसंबावे, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 2010 साली लंडनच्या रायस्लिप उपनगरातील एका लहान लिलावगृहात, घर आवरताना सापडलेल्या छ्येनलुंग काळातील फुलदाणीला 4 कोटी 30 लाख पौंडांची बोली लागली. जगभर बातमी झाली. खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत, आणि अखेर 2013 मध्ये ती खासगी व्यवहारात बऱ्याच कमी किमतीला गेली. वर्तमानपत्रांतील विक्रमी किमती वाचून आपल्या घरातील रकाबीचे मोल ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साधा वाचक (बीड)

एक शंका विचारतो, राग नसावा. तोंड फुटलेल्या आणि दुरुस्त केलेल्या फुलदाणीला पन्नास-साठ हजार रुपये मोजण्यात शहाणपण कोणते? तेवढ्या पैशांत अखंड वस्तू मिळत नाही काय?

देवगिरीचा पायथा (छत्रपती संभाजीनगर)

इंग्रजी ताटांच्या बाबतीत आपले म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. ती कारखान्यात हजारोंनी निघाली. फुटके ताट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण अखंड ताट केव्हा ना केव्हा येतेच. मुंबईची ही कलाभांडी मात्र थोडी वर्षेच झाली आणि त्यांची माती मऊ आहे. ती पोर्सेलीन, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली पक्की चिनी माती, नव्हेत. कमी तापमानाला भाजलेल्या मातीवर पांढरा लेप, त्यावर रंग आणि वर झिलई, अशी त्यांची घडण असते. त्यामुळे कडांवरची झिलई टवके होऊन उडते आणि पूर्णपणे निर्दोष नमुना मिळणे अवघड होते. अशा वर्गात दुरुस्ती आहे की नाही यापेक्षा ती किती आहे आणि कुठे आहे हा प्रश्न महत्त्वाचा. मुख्य नक्षीवर नसलेली दुरुस्ती मी चालवून घेईन.

चाक आणि माती (लातूर)

मी स्वतः भांडी घडवतो, त्यामुळे माझी बाजू थोडी पक्षपाती समजावी. शीर्षकात स्टुडिओ पॉटरी आली आहे आणि चर्चेत ती अजून आलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्टुडिओ पॉटरी म्हणजे एकाच कलावंताने माती मळण्यापासून भट्टी उतरवण्यापर्यंत जबाबदारी घेतलेले भांडे. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांनी जपानी कुंभार शोजी हमादा यांच्या साथीने 1920 साली सेंट आइव्ह्ज येथे भट्टी उभारली, तिथून या परंपरेची गणना होते. आपल्याकडे सरदार गुरुचरण सिंग हे त्याच पिढीचे. ते 1919 साली जपानला शिकायला गेले, लीच आणि हमादा यांच्या सहवासात आले आणि पुढे त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. पुद्दुचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये सुरू केली. आज भारतात नाव असलेले कितीतरी कुंभार-कलावंत तिथून शिकून बाहेर पडले आहेत. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट यांची मांजरे आणि घुबडे एकदा पाहिली की विसरता येत नाहीत. आणि आपल्या निर्मला पटवर्धन यांनी झिलईच्या रसायनावर जे काम केले त्याचा आधार आजही भारतातला प्रत्येक गंभीर कुंभार घेतो. चित्रकारांची नावे आपण घडाघडा म्हणतो, या बाईंचे नाव मराठी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे, याची शंका येते.

लिलावाच्या दृष्टीने स्टुडिओ भांड्याचे दोन फायदे आहेत. पहिला असा की बुडावर कलावंताचा ठसा असतो आणि ते ठसे नोंदलेले आहेत. दुसरा असा की यातील बहुतेक वस्तू शंभर वर्षांच्या आतल्या असल्याने पुरातन वस्तूंच्या कायद्याचा जाच नाही. परंतु ठसा नीट वाचावा लागतो. सेंट आइव्ह्जच्या भट्टीतून निघालेल्या रोजच्या वापराच्या भांड्यांवर फक्त भट्टीचा ठसा असतो; लीच यांनी स्वतः घडवलेल्या भांड्यावर त्यांचा ठसा वेगळा असतो. ऑनलाइन विक्रीत हे दोन्ही प्रकार 'लीच' या एकाच नावाखाली येतात आणि किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. लुसी री या व्हिएन्नाहून 1938 साली लंडनला आल्या, सुरुवातीला त्यांनी चिनी मातीची बटणे केली, आणि 1946 पासून हान्स कोपर त्यांच्याकडे काम करू लागले. त्या दोघांनी मिळून केलेल्या कपबशांवर दोघांचेही ठसे आढळतात. ज्यांना री यांची मोठी फुलदाणी परवडत नाही त्यांनी हे चहाचे पेले शोधावेत. चाकावरचे कौशल्य तेच आहे. ब्रिटनमधील लिलावात अशा अलीकडच्या कलावंताच्या वस्तूची बोली एका ठराविक रकमेच्या वर गेली तर 4 टक्क्यांपासून पुनर्विक्री हक्काचे (कलावंताला किंवा त्याच्या वारसांना मिळणारे) शुल्क लागते. गोदातीर यांच्या हिशोबात ते धरावे.

बनावटीतून हा वर्गही सुटलेला नाही. 1980 च्या सुमारास इंग्लंडमधील फेदरस्टोन तुरुंगाच्या मातीकामाच्या वर्गात कैद्यांनी लीच यांच्या ठशासह भांडी केली, आणि ती खरी समजून लिलावात विकली गेली. कुंभार म्हणून मला या प्रकरणात कैद्यांच्या शिक्षकाचे कौतुकच वाटते, पण ते असो.

माझा आग्रह असा राहील की लिलावातून मागच्या पिढीचे एखादे भांडे घ्यावे आणि त्याच वर्षी हयात कुंभाराकडून थेट एक घ्यावे. थेट घेतलेल्या भांड्याचे बिल, कोणत्या भट्टीतले, कोणत्या वर्षीचे, हे कलावंताकडून लिहून घ्यावे. तीस वर्षांनी तुमच्या मुलांनी ते लिलावाला दिले तर तोच कागद त्याच्या मालकीचा इतिहास ठरेल.

तगर (धाराशिव)

चर्चा चिनी, इंग्रजी आणि मुंबईच्या भांड्यांची आहे, तरी मराठवाड्यात हा धागा वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा जे येईल त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. तेर, पैठण, भोकरदन इथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, पहिला मोठा पाऊस झाला की मणी, खापरे, दिवे आणि मातीच्या मूर्ती वर येतात. सातवाहन काळातील या मूर्तींत पांढऱ्या केओलीन मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या स्त्रीप्रतिमा इतक्या नाजूक आहेत की कोणाही संग्राहकाचे मन डळमळावे. गावातला मुलगा त्या शे-दोनशे रुपयांना विकतो आणि घेणाऱ्याला आपण इतिहास वाचवला असे वाटते. तसे समजू नये.

पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम 1972 चा आहे आणि तो 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'पुरातन वस्तू' ठरते. भाजलेल्या मातीच्या मूर्तींची नोंदणी सक्तीची आहे, मालकी बदलली तर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि पुरातन वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. खासगी व्यक्तीने पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळवण्याचे बंधन 1878 च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. संरक्षित स्थळावर विनापरवाना खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

कायद्यापेक्षाही मोठे नुकसान ज्ञानाचे होते. तेरच्या एका खापराचे मोल ते कोणत्या थरातून, कशाच्या शेजारी निघाले यात आहे. रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा म्हणून ज्या मद्यकुंभांच्या तुकड्यांचे महत्त्व आहे, ते थरातून उपटून काचेच्या कपाटात ठेवले की नुसते लाल ठिकरे उरते. ज्यांना ही वस्तू पाहायची आहे त्यांनी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आणि पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात जावे. या दोन्ही व्यक्तींनी गावोगाव फिरून जमवलेले संचय शेवटी सार्वजनिक झाले, हेही संग्राहकांनी ध्यानात घ्यावे.

धागालेखकांसाठी एक सूचना. कायद्यातील व्याख्येत वस्तू कोठे घडली याची अट नाही. त्यामुळे आपली 1880 ची फुलदाणी इंग्लंडहून भारतात आली की इथे तीही पुरातन वस्तू आहे. उद्या ती पुन्हा लंडनच्या लिलावाला पाठवू असा विचार मनात ठेवून विकत घेऊ नये. आयातीची कागदपत्रे, लिलावाचे बिल आणि कॅटलॉगचे पान कायम जपून ठेवावे.

घाटी (जालना)

तगर यांच्या प्रतिसादाबद्दल आभार. आमच्या भोकरदनच्या बाजूला हे नेहमी दिसते. दुसरे असे विचारायचे होते की, थर्मोल्युमिनेसन्स नावाची चाचणी केली की भांड्याचे वय नक्की कळते, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे काय?

चाक आणि माती (लातूर)

काही अंशी. मातीतील खनिजे परिसरातील किरणोत्साराची ऊर्जा साठवत राहतात, भट्टीत भांडे तापले की तो साठा रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरू लागतो. बुडाला बारीक भोक पाडून काढलेली भुकटी प्रयोगशाळेत तापवतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून शेवटची भाजणी केव्हा झाली याचा अंदाज बांधतात. अंदाजात साधारण वीस टक्क्यांपर्यंत फरक राहू शकतो. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीचे तांग घराण्याचे मातीचे घोडे खरे की कालचे, हे या चाचणीने कळते. 1880 चे भांडे आणि 1910 चे भांडे यांतला भेद कळत नाही. शिवाय नमुना जिथून घेतला तेवढ्याच भागाची ती साक्ष आहे. जुन्या भांड्याचे फुटके बूड घेऊन त्यावर नवे अंग चढवणारे लोक असतात. या धाग्यातील फुलदाणीसाठी त्या चाचणीचा काही उपयोग नाही.

शुभ्रा (परभणी)

वस्तुसंग्रहालयातील जतनकामाशी माझा संबंध आहे, त्यामुळे दुरुस्तीविषयी लिहिते.

जुन्या दुरुस्तीचे दोन प्रकार पटकन ओळखता येतात. एकात तुकडे धातूच्या टाच्यांनी शिवलेले असतात; मागच्या बाजूने ते स्पष्ट दिसतात आणि त्यांत लपवाछपवी काहीच नसते. दुसऱ्यात फुटलेला भाग भरून त्यावर रंग आणि कृत्रिम झिलई चढवलेली असते. ही दुरुस्ती साध्या प्रकाशात दिसत नाही, परंतु अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की नवा रंग आणि डिंक मूळ झिलईपेक्षा वेगळे चकाकतात. लिलावगृहाला तसे छायाचित्र मागणे वावगे नाही. चांगली लिलावगृहे विनामूल्य देतात. 'जुनी दुरुस्ती' या शब्दांवर समाधान मानू नये. कॅटलॉगमध्ये दोषाचा उल्लेख नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे, असे बहुतेक विक्री-अटींत लिहिलेलेच असते. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, लेखी मागवावा आणि त्यात नेमका प्रश्न विचारावा. 'अवस्था कशी आहे?' असे विचारल्यास 'वयाच्या मानाने चांगली' हेच उत्तर येते. 'तोंडाच्या कडेचा किती भाग नव्याने भरला आहे, मानेची उंची मूळचीच आहे काय, बुडाला भोक पाडले आहे काय?' असे विचारल्यास त्यांना वस्तू उचलून पाहावी लागते. बुडाच्या भोकाचा प्रश्न अशासाठी की विजेचे दिवे आल्यावर कित्येक फुलदाण्यांचे टेबललॅम्प झाले.

वस्तू घरी आल्यावर कमी भाजलेल्या मातीची भांडी पाण्यात बुडवून धुऊ नयेत. झिलईवरच्या बारीक तड्यांच्या जाळीतून पाणी आत शिरते आणि क्षार वर येऊन झिलई सुटू लागते. ओलसर सुती कापडाने पुसावे, एवढे पुरे. भिंतीवर ताट टांगण्यासाठी स्प्रिंगची तारेची पकड मिळते, ती वापरू नये. तिच्या ताणाने कडेला केसासारखी चीर पडते. आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला आहे त्यांना उघड्या फळीवर उंच फुलदाणी ठेवण्याचा धोका समजावून द्यायची गरज नाही. संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण बुडाखाली तीन ठिकाणी लावावे. वस्तू किंचित पिळली की सुटते आणि धक्क्याने मात्र सरकत नाही.

साधा वाचक (बीड)

माझ्या शंकेचे निरसन झाले, तरी एक मत नोंदवून ठेवतो. 2014 साली हाँगकाँगच्या लिलावात छंगह्वा काळातील कोंबड्याचे चित्र असलेली वाटी 28 कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किमतीला घेऊन त्या धनिकाने तिच्यातून चहा प्यायला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. मला ते आवडले होते. भांडे वापरावे.

शुभ्रा (परभणी)

पोर्सेलीनच्या वाटीतून जरूर प्यावे. धागालेखकांच्या फुलदाणीसारख्या जुन्या, कमी तापमानाच्या रंगीत झिलईत शिसे असण्याचा संभव असतो. तसल्या भांड्यातून काही खाऊ-पिऊ नये, लोणचे तर मुळीच मुरवू नये.

देवगिरीचा पायथा (छत्रपती संभाजीनगर)

शुभ्राताईंच्या सांगण्याप्रमाणे नेमके प्रश्न पाठवले आणि उत्तर आले आहे. 'तोंडाला जुनी दुरुस्ती' याचा खरा अर्थ असा निघाला की मानेचा वरचा भाग फुटल्यावर तो घासून सपाट केलेला आहे आणि कडेवर तपकिरी रंग दिलेला आहे. म्हणजे भरलेले काही नाही, गेलेले आहे. उंची दीड-दोन सेंटिमीटरने कमी झाली असावी. बुडाला भोक नाही. बुडाच्या छायाचित्रात फिकट विटकरी माती दिसते आणि शाळेच्या नावाचा ठसा अर्धवट पण वाचता येण्याजोगा आहे. अतिनील प्रकाशात अंगावर कुठेही नवा रंग दिसत नाही; हंसांची रांग पूर्णपणे मूळची आहे. मालकीविषयी 'एका इंग्रज कुटुंबाकडून' एवढेच सांगितले आहे, पुढे काही नाही.

नक्षी शाबूत असल्याने वस्तू हवी आहे. मान गेल्याने खालच्या अंदाजाइतकी, म्हणजे 300 पौंडांची बोली मला पटत नाही. घरपोच हिशोब उलटा मांडला तर 240 पर्यंत थांबावेसे वाटते.

गोदातीर (नांदेड)

240 योग्य आहे. थेट प्रक्षेपणात भाग घेण्याऐवजी आधीच लेखी बोली ठेवावी. पडद्यावर आकडे पळताना पाहून माणूस आणखी एक पायरी चढतो. आकडा गोल ठेवू नये. लेखी बोल्या सारख्या झाल्या तर आधी आलेली धरतात, आणि पुष्कळ लोक गोल आकड्यावर थांबतात, म्हणून बोलीच्या पायऱ्या त्यांच्याकडून विचारून घेऊन 240 च्या आसपास बसणारी पुढची पायरी द्यावी.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्रेता वस्तू विकत नाही ती, सहसा खालच्या अंदाजाहून अधिक नसते, पण तेवढी असू शकते. तसे असेल तर 240 ला ती विकली जाणार नाही. त्या स्थितीत घाई करू नये. लॉट न विकता राहिला तर दुसऱ्या दिवशी लिलावगृहाला पत्र लिहून तोच देकार द्यावा. परत न्यायला यावे लागू नये म्हणून विक्रेते बऱ्याचदा मान्य करतात. प्रीमियम त्यावरही लागतो, हे धरूनच आकडा लिहावा, आणि पॅकिंगवाल्याकडून दुहेरी खोक्याचा दर लिलावाच्या आधी लेखी मागवून ठेवावा.